दुसऱ्याच इंजिनावर हात

एअरबस ए-३२० विमानात दोन्ही इंजिनांचे मास्टर स्विच, म्हणजे इंजिन चालू-बंद करणारे स्विच, थ्रस्ट लिव्हरच्या (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांच्या) मागे शेजारी शेजारी असतात. इंजिनाला आग लागली की त्याच्या स्विचजवळ 'फायर' ही लाल अक्षरं पेटतात. त्या पहाटे ती एक नंबरजवळ पेटली होती आणि उजव्या खुर्चीतल्या मुलाचा हात दोन नंबरवर गेला.

मी सिम्युलेटरवर टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण, शिकवते. सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) लागणारे २०० तास छोट्या विमानांवर पूर्ण केलेली मुलं आमच्याकडे जेट शिकायला येतात. सिम रात्रंदिवस चालतं. दिवसाचे स्लॉट विमान कंपन्यांनी आधीच धरलेले असतात, म्हणून स्वतःच्या पैशाने आलेल्यांना पहाटे २ ते ६ मिळतं. डीजीसीएच्या, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या, ड्यूटीच्या नियमांत नेमका हाच २ ते ६ चा काळ शरीर सर्वांत मंद असण्याचा म्हणून दिलाय. पण ते नियम कंपनीच्या क्रूसाठी. हा मुलगा अजून कुणाचाच क्रू नाही, त्यामुळे त्याची विश्रांती मोजणं कुणाचंच काम नाही.

टेकऑफनंतर मी एक नंबरला आग दिली. यात शिकवण्यासारखं खूप असतं आणि मला ते मनापासून आवडतं. आधी विमान उडवायचं. नाक सरळ, रडर बरोबर, चाकं वर. ४०० फुटांखाली ईकॅमच्या, म्हणजे बिघाड आणि त्यावरच्या पायऱ्या दाखवणाऱ्या पडद्याच्या, यादीला कुणी हात लावायचा नाही. मग उडवणारा यादी मागतो आणि दुसरा वाचत जातो. इंजिन बंद करणारा स्विच आला की हात ठेवून थांबायचं आणि 'कन्फर्म?' विचारायचं. उडवणाऱ्याने मान वळवून तो हात, तो आकडा प्रत्यक्ष पाहायचा आणि मगच 'कन्फर्म' म्हणायचं. दोन सेकंदांचं काम. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक बोइंग ७३७ कोसळलं, ४७ माणसं गेली. बिघडलं होतं डावं इंजिन, बंद केलं गेलं उजवं.

त्याने तोंडाने 'वन' म्हटलं, हात 'टू' वर ठेवला. डावीकडच्या मुलाने समोरची नजर न हलवता 'कन्फर्म' म्हटलं. स्विच गेला. जळतं इंजिन आधीच आयडलवर, म्हणजे किमान जोरावर, आणि चालतं बंद. मी सिम फ्रीज केलं.

विषय त्याला येत नव्हता असं अजिबात नाही. ब्रीफिंगमध्ये त्याने हीच यादी न अडखळता सांगितली होती. डीब्रीफिंग संपल्यावर दुसरा मुलगा बाहेर गेला, तेव्हा मी मराठीत विचारलं, "झोप कधी झाली तुझी?"

"मॅम, काल दुपारी थोडी झाली."

"आणि रात्री?"

"रात्री क्लास असतो ना." तो अकोल्याकडचा. सकाळी आणि रात्री सीपीएलच्या मुलांना ऑनलाइन नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवतो, त्यातून कर्जाचं व्याज भरतो. क्लास आटोपला की बस धरून १ च्या ब्रीफिंगला पोचतो. "एक्स्ट्रा सेशन लागेल का, मॅम?" एवढंच त्याने मला विचारलं.

लागणार होतंच. तो शेरा बदलायचा विचार माझ्या मनात आला नाही, येऊही नये. उद्या त्याच्या मागे १८० माणसं बसतील. पण जादा सत्राचे पैसे त्याच्याच खिशातून जाणार, म्हणजे आणखी क्लास, आणखी कमी झोप. सीपीएलला साधारण ५० लाख, टाइप रेटिंगला वर १५-२० लाख. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. त्याच्या घरच्यांनी घर तारण ठेवलंय. नोकरी लागली तरी लाइन ट्रेनिंग (प्रवासी घेऊन उडताना होणारं प्रशिक्षण) पार पडेपर्यंत पूर्ण पगार नाही. कुठे मानधन मिळतं, कुठे तेही नाही, आणि ठरावीक काळ कंपनी न सोडण्याचा बाँड मात्र पहिल्या दिवसापासून. बाहेर लोकांना वाटतं, गणवेश चढला म्हणजे महिन्याला लाखो रुपये.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आम्हीही रात्रीचेच सिम केलेत." केले असतील. पण ते कंपनीच्या खर्चाने शिकले, पगार घेऊन शिकले आणि सत्राआधी कंपनीच्या हॉटेलात झोपले. ही तुलना मला पटत नाही, आणि ती त्यांच्यासारख्या उत्तम शिक्षकाने करावी याचं वाईट वाटतं.

आमच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर कार्यपद्धती, संवाद, परिस्थितीचं भान, कामाच्या भाराचं नियोजन अशी सगळी कौशल्यं आहेत. दोघांच्याही संवादाला आणि कार्यपद्धतीला मी कमी गुण दिले. पण हा मुलगा किती तास जागा होता, हे लिहायला जागाच नाही. विमानात हीच चूक झाली असती तर तपास करणाऱ्यांनी आधी तेच विचारलं असतं: मागच्या ७२ तासांत वैमानिक किती झोपला?

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'सत्राआधी पुरेशी झोप झालेली नव्हती. पुढचं सत्र दिवसा द्यावं.' दोन दिवसांनी कार्यालयातून फोन आला. शेरा कौशल्यापुरताच ठेवा, म्हणाले, बाकीचं काढा. दिवसाचा स्लॉट नाहीच, आणि असं लिहिलेली फाइल पाहून उद्या त्याला कुणी नोकरी देणार नाही.

यातलं शेवटचं वाक्य खरं असू शकतं, तिथेच मी अडकले आहे. दमलेला म्हणून नोंद झालेला मुलगा कंपनीला नको असेल, तर माझ्या शेऱ्याने त्याचंच नुकसान होतं. नोंद काढली तर कागदावर उरतो फक्त चुकीच्या स्विचवर हात ठेवणारा मुलगा, आणि ते अर्धंच खरं आहे. त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मॅम, काढून टाका." शेरा अजून मी काढलेला नाही. दुसऱ्या एका इन्स्ट्रक्टरचा दुपारचा स्लॉट माझ्या पहाटेच्या स्लॉटशी बदलून मिळतो का, ते आधी बघते आहे.