सबमिट दाबलं आणि काहीच झालं नाही

एरर आली असती तर बरं झालं असतं. लाल अक्षरांत काहीतरी दिसलं असतं, ते कॉपी करून शोधलं असतं, पंधरा मिनिटांत विषय संपला असता. इथे बटण दाबलं जात होतं, त्याचा रंग किंचित बदलत होता आणि पुढे सगळं शांत. त्या शांततेत माझे दोन दिवस गेले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

वेबपेजवरचा फॉर्म साधाच होता. वाचनालयाच्या सभासद नोंदणीचा, सरावासाठी करायला घेतलेला. नाव, फोन, मग 'तुम्ही कोण?' असा ड्रॉपडाउन: विद्यार्थी, नोकरदार, इतर. विद्यार्थी निवडलं की खाली कॉलेजचं नाव आणि ओळखपत्र क्रमांक अशी दोन फील्ड उघडायची. इतर निवडलं की 'कृपया लिहा' अशी एक चौकट. नोकरदाराला काहीच विचारायचं नाही. ड्रॉपडाउनचा चेंज इव्हेंट (निवड बदलली, ही ब्राउझरने दिलेली सूचना) ऐकायचा, व्हॅल्यू बघायची, हवा तो भाग दाखवायचा आणि बाकीच्यांना डिस्प्ले नन, म्हणजे पानावरून गायब. जावास्क्रिप्टच्या दहाबारा ओळींत काम झालं आणि मी स्वतःवर भलतीच खूश.

मैत्रीण शेजारी बसली होती. तिला म्हटलं, भरून बघ. तिने भरला, सबमिट दाबलं, पुन्हा दाबलं. "अगं, बटण मेलंय तुझं." मी लॅपटॉप ओढून घेतला, तोच फॉर्म भरला, सबमिट केला, गेला! तिने परत भरला, परत ठप्प. मी काय वेगळं करत होते ते तिलाच आधी दिसलं. ती नोकरदार निवडत होती आणि मी दर वेळी विद्यार्थी. तोपर्यंत मी फॉर्म वीसेक वेळा तरी तपासला असेल, पण प्रत्येक वेळी विद्यार्थीच, कारण ती दोन फील्ड उघडताना बघायला मला मजा येत होती.

इतका सरळ धागा हातात असूनही मी भलतीकडेच शोधत बसले. सबमिटच्या फंक्शनमध्ये पहिल्याच ओळीला कन्सोल लॉग टाकला, म्हणजे फंक्शन चाललं की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, प्रोग्रामरसाठीच्या संदेशांच्या खिडकीत, एक ओळ छापली जावी. नोकरदार निवडल्यावर काहीच छापून येईना. म्हणजे लिसनर (इव्हेंट आला की चालणारा कोड) लागलेला नाही, असं मी ठरवूनच टाकलं. स्क्रिप्ट वरून खाली हलवली. आयडीचं स्पेलिंग चार वेळा तपासलं. बटण नवीन बनवलं. त्या बटणावर क्लिकचा वेगळा लिसनर लावला, तर तो इमानेइतबारे छापत होता. क्लिक पोचतोय, सबमिट पोचत नाही. मग मधल्यामधे गिळतंय कोण?

मधे ब्राउझर बसला होता. कॉलेजच्या नावाला मी रिक्वायर्ड लावलं होतं, विद्यार्थ्याने ते भरलंच पाहिजे म्हणून. डिस्प्ले नन केल्यावर फील्ड डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. फॉर्मच्या हिशेबी ते तिथेच असतं, रिकामं असतं आणि सक्तीचंही असतं. सबमिट दाबल्यावर ब्राउझर आधी तपासणी करतो. त्याला हे रिकामं फील्ड सापडतं. एरवी तो तिथे कर्सर नेतो आणि 'हे भरा' असा फुगा दाखवतो. पण लपवलेल्या फील्डवर कर्सर नेणार कसा? फुगा दाखवणार कुठे? मग तो फॉर्म अडवतो आणि गप्प बसतो. तपासणीत नापास झालेल्या फॉर्मचा सबमिट इव्हेंट सुटतच नाही, म्हणून माझा लॉग छापला जात नव्हता. लिसनर पहिल्यापासून व्यवस्थित होता.

खरं तर क्रोम अगदीच गप्प नव्हता. कन्सोलमध्ये तो एक ओळ लिहितो: अमुक नावाचं फॉर्म कंट्रोल इनव्हॅलिड आहे आणि 'नॉट फोकसेबल' आहे, म्हणजे तिथे कर्सर नेता येत नाही. ती ओळ मला दोन दिवस का दिसली नाही? माझे स्वतःचे लॉग पटकन सापडावेत म्हणून कन्सोलच्या फिल्टरच्या चौकटीत मी एक शब्द टाइप केला होता आणि तो पुसायला विसरले होते. बाकी सगळ्या ओळी गाळल्या जात होत्या. हे कळलं तेव्हा मी लॅपटॉप बंद केला आणि झोपायला गेले. तर पहिला सल्ला हाच: काही सुचेनासं झालं की आधी कन्सोलचा फिल्टर रिकामा आहे का ते बघा.

दुसऱ्या दिवशी फॉर्मला नोव्हॅलिडेट लावलं, म्हणजे ब्राउझरला सांगितलं की तपासणीच करू नको. फॉर्म धडाधड जायला लागला, नाव आणि फोन रिकामे असले तरी! ते काढलं. मग रिक्वायर्ड जावास्क्रिप्टने काढायचं आणि परत लावायचं असं केलं, त्यात परत लावायचं एका जागी राहून गेलं. वर आणखी एक भानगड दिसली. विद्यार्थी निवडून कॉलेजचं नाव लिहिलं आणि मग मत बदलून नोकरदार केलं, तर लपलेलं कॉलेजही सर्व्हरला जात होतं. नोकरी करणारा माणूस आणि सोबत कॉलेजचं ओळखपत्र.

दोन्हीवर औषध एकच निघालं: डिसेबल्ड, म्हणजे फील्डच बंद करून ठेवायचं. डिसेबल्ड फील्डची तपासणी होत नाही आणि ते पाठवलंही जात नाही. आत लिहिलेलं मात्र पुसलं जात नाही, त्यामुळे पुन्हा विद्यार्थी निवडलं तर आधीचं नाव तसंच मिळतं. भरणाऱ्याला परत टाइप करायला लावणं मला स्वतःला फार चीड आणतं, म्हणून हे विशेष आवडलं. एकेका फील्डला डिसेबल करत बसायचीही गरज नाही. प्रत्येक पर्यायाचा भाग एकेका फील्डसेटमध्ये (फील्ड एकत्र ठेवायच्या गटात) ठेवायचा आणि फील्डसेटलाच डिसेबल्ड करायचं, आतले सगळे आपोआप गप्प. लपवायचंही त्यालाच. माझं फंक्शन तीन ओळींवर आलं.

ते फंक्शन फक्त चेंजवर लावून भागत नाही, पान उघडतानाही एकदा चालवा. फायरफॉक्समध्ये रिफ्रेश केलं की ड्रॉपडाउनमध्ये 'विद्यार्थी' तसंच राहतं, पण चेंज झालेलाच नसतो, म्हणून खालची फील्ड बंद. रीसेट बटणाचंही तसंच. त्याने चेंज सुटत नाही, आणि रीसेट इव्हेंट येतो तो मूल्यं बदलायच्या आधी. तिथे शून्य सेकंदांचा सेटटाइमआउट लावला, म्हणजे मूल्यं बदलून झाल्यावर फंक्शन चालवलं, तेव्हा जुळलं.

हो, आणि लपवायला हिडन हा अॅट्रिब्यूट (घटकाला लावायचा गुणधर्म) वापरणार असाल तर सीएसएस, म्हणजे पानाच्या दिसण्याचे नियम, बघून घ्या. त्याच घटकाला कुठे डिस्प्ले फ्लेक्स (मांडणीचा एक प्रकार) दिलेलं असेल तर हिडन हरतो आणि फील्ड निवांत दिसत राहतं. ड्रॉपडाउनच्या आतले पर्याय लपवायच्या फंदात पडू नका. काही ब्राउझर ऐकतात, काही ऐकत नाहीत. पहिल्या यादीवरून दुसरी यादी बदलायची असेल तर दुसरीतले ऑप्शन काढून नव्याने भरायचे, हाच मार्ग.

सर्व्हरकडचा कोडही एकदा बघावा लागला. डिसेबल्ड फील्ड रिकामं जात नाही, जातच नाही. 'कॉलेज' असेलच असं धरून लिहिलेली ओळ तिथे कोसळली. शिवाय विद्यार्थी असेल तरच कॉलेज सक्तीचं, ही अट सर्व्हरवर पुन्हा लिहावीच लागते, कारण ब्राउझरमधली तपासणी कुणीही सहज बाजूला सारू शकतं.

सगळं झाल्यावर मैत्रिणीला परत बसवलं. विद्यार्थी गेला, नोकरदार गेला. मग तिने 'इतर' निवडलं, 'कृपया लिहा'च्या, आता सक्तीच्या केलेल्या, चौकटीत फक्त स्पेसबार दाबला, माझ्याकडे बघत सबमिट केलं, आणि फॉर्म गेला. रिक्वायर्डला नुसती स्पेसही चालते, हे मला त्या दिवशी कळलं.