तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांच्या जपानी तलवारीचा गंज काढावा का?

हा प्रश्न मला दरवर्षी नवरात्राच्या सुमाराला हमखास येतो. मी टोकियोत राहते, जुन्या जपानी तलवारी जमवते, हे कुणाकडून तरी कळलेलं असतं. मग साताऱ्याहून, बेळगावहून, पुण्याहून फोटो येतात. आजोबा किंवा पणजोबा फौजेत होते, ब्रह्मदेशात नाहीतर मलायात होते, परत येताना ही तलवार घेऊन आले. इतकी वर्षं माळ्यावर होती. आता खंडेनवमीला पूजेत मांडायची आहे, पण पार गंजली आहे. काय लावून घासू?

काहीही लावू नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको, पॉलिश पेपर नको, आणि धार लावणाऱ्याच्या चाकाजवळ तर नेऊच नका. पूजा जरूर करा. हळदकुंकू म्यानाला वाहा, फूल म्यानावर ठेवा. पात्याला ओला हात लावू नका. एवढं ऐकलंत तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण ‘का’ हे कळल्याशिवाय माणूस थांबत नाही, कारण आपल्याकडे शस्त्र स्वच्छ ठेवणं हाच त्याचा मान आहे. म्हणून सविस्तर सांगते.

जपानी तलवारीच्या पात्याचा मुठीच्या आत राहणारा भाग कधीच घासला जात नाही. त्याला नाकागो म्हणतात. लोहार त्यावर कानस चालवतो, छिन्नीनं आपलं नाव कोरतो आणि तो तसाच सोडतो. पुढे पाचशे वर्षं त्यावर जो गंज चढतो, तो कुणीही काढत नाही. जुन्या पात्याचा नाकागो काळपट तपकिरी, घट्ट आणि गुळगुळीत दिसतो. नवा गंज तांबूस, भुसभुशीत असतो. तलवार कुठल्या शतकातली हे ठरवताना जाणकार आधी पात्याचा आकार आणि पोलाद पाहतात आणि मग मूठ उतरवून हा गंज वाचतात. कानशीच्या रेघा आडव्या आहेत की तिरक्या, टोक कसं कापलं आहे, खिळ्याची भोकं किती, सगळं तिथे असतं. भोकं दोन किंवा तीन असतील तर तलवार कधीतरी खालून कापून आखूड केलेली असू शकते. नाव कोणत्या बाजूला कोरलं आहे यावरून ती धार खाली ठेवून कमरेला टांगायची ताची आहे की धार वर ठेवून पट्ट्यात खोवायची कताना, याचा अंदाज येतो. कधी साल कोरलेलं असतं, बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवा महिना. हे सगळं तुमच्या माळ्यावरच्या तलवारीत मुठीच्या आत झाकलेलं आहे. ते घासून चकचकीत केलंत, की तिचा जन्मदाखलाच पुसलात.

नावावर लगेच विश्वास ठेवू नका, हेही सांगायला हवं. मोठ्या लोहारांची खोटी नावं शेकडो वर्षं कोरली गेली आहेत. म्हणून तर गंज महत्त्वाचा. नाव जुनं आणि छिन्नीच्या खोबणीतला गंज कोवळा, असं दिसलं की शंका घ्यायची. माझ्याकडे एक वाकिझाशी आहे, म्हणजे आखूड तलवार, तिच्यावर नावच नाही. भोकं दोन. मला ती नाव असलेल्या पण संशयास्पद तलवारीपेक्षा कितीतरी प्रिय आहे, कारण तिच्यातलं पोलाद खोटं बोलत नाही.

त्या पोलादाबद्दल थोडं बोलू द्या, कारण मी यातच अडकले ते त्याच्यामुळे. लोखंडी वाळू आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री जाळून हे पोलाद काढतात. शिमाने प्रांतात ओकुइझुमो इथे 1977 पासून अशी एक भट्टी पुन्हा चालवली जाते. थंडीच्या दिवसांत ती पेटते आणि तिथलं पोलाद आजच्या परवानाधारक लोहारांना मिळतं. लोहार ते ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. बाहेर कठीण पोलाद, आत मऊ. मग पात्यावर माती लिंपतो, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड, आणि लाल तापवून पाणी देतो. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते, आणि त्याच क्षणी पात्याला बाक येतो. दोन्हींच्या सीमेवर जी पांढुरकी रेघ उमटते ती हामोन. दिव्याखाली पातं तिरकं धरलं की त्या रेघेत काळ्या पाटावर तांदळाची पिठी भुरभुरावी तसे कण चमकतात. प्रत्येक घराण्याची रेघ वेगळी. बिझेन प्रांतातल्या ओसाफुनेच्या लोहारांची लवंगेच्या कळ्यांसारखी वर उसळणारी रेघ एकदा पाहिली, की तिथून हलवत नाही. तिथल्याच परंपरेतली ‘सान्चोमो’ ही राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार 2020 मध्ये सेतोउची या छोट्या शहरानं लोकांकडून पैसे जमवून 50 कोटी येनना घेतली. एका गावाला आपली तलवार आपल्याकडे हवी होती, हे मला फार मोठं वाटतं.

ही रेघ दिसते ती घासणाऱ्या कारागिराच्या कौशल्यामुळे. त्याला तोगिशी म्हणतात. ही विद्या शिकायला दहा-दहा वर्षं जातात. खरबरीत दगडापासून सुरुवात करून एकाहून एक मऊ दगडांवर तो पातं फिरवतो. शेवटचे दगड क्योटोच्या आसपासच्या डोंगरांतले. त्यांच्या कागदाइतक्या पातळ चकत्या करतो, मागे जपानी कागद चिकटवतो आणि अंगठ्याखाली धरून इंच-इंच चोळतो. आणि तरीही प्रत्येक वेळी थोडं पोलाद जातंच. फार वेळा घासलेल्या पात्याची वरची कठीण कातडी झिजून आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. इथे अशा तलवारीला थकलेली म्हणतात. जाणकार कारागीर इतक्या काटकसरीनं हात लावतो, तर चाकावर दहा मिनिटांत काय होईल याची कल्पना करा. चाकाच्या उष्णतेनं धारेला दिलेलं पाणीही उतरू शकतं. ते परत आणता येत नाही.

आता तुमच्या घरातली तलवार कुठली असू शकते, ते बघू. 1876 मध्ये जपानी सरकारनं सामुराईंना कमरेला तलवार लावून बाहेर फिरायला बंदी केली आणि सैन्यात काही काळ पाश्चात्त्य धाटणीची मूठ आली. 1934 मध्ये लष्करानं पुन्हा जुन्या ताचीसारखी अधिकाऱ्यांची तलवार आणली, 1938 मध्ये तिचंच थोडं साधं रूप निघालं. यातली बहुतेक पाती सेकीसारख्या ठिकाणी युद्धकाळात घाईनं, परंपरागत पद्धत सोडून बनवलेली आहेत. त्यांच्या नाकागोवर लहानसा ठसा असतो. पण अधिकारी आपली तलवार स्वतः घ्यायचा, त्यामुळे घरातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून युद्धावर जाणारेही होते. बाहेरून दोन्ही सारख्याच. हवालदार दर्जाच्या लोकांना मात्र सरकारी तलवार मिळायची, 1935 च्या नमुन्याची. तिची मूठ दोरा गुंडाळल्यासारखी दिसते पण ओतीव धातूची असते, आणि पात्यावर क्रमांक कोरलेला असतो. म्यानावर तोच क्रमांक असेल तर दोघांची ताटातूट करू नका. ही मूठ स्क्रूची असते, ती उघडायच्या भानगडीत पडू नका. आत वाचण्यासारखं काही नाही.

फार आशा लावू नका, असंही मी प्रत्येकाला सांगते. बहुतेक तलवारी युद्धकाळातल्याच निघतात. पण कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानातली कुनिमुने या लोहाराची तलवार, जपानचा राष्ट्रीय ठेवा, युद्धानंतर अमेरिकेत जाऊन पडली होती. वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकानं ती विकत घेतली, ती काय आहे हे ओळखलं आणि 1963 मध्ये एकही पैसा न घेता देवस्थानाला परत केली. टोकियो परिसरात अमेरिकी सैन्यानं जमा केलेल्या तलवारींचा ढीग आकाबाने इथे होता. त्यातून वाचवलेली साडेपाच हजारांच्या आसपास पाती संग्रहालयाच्या ताब्यात आली, कित्येक गंजलेलीच, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांतली हजारो पाती देशभरच्या संग्रहालयांना वाटली गेली. कुणी ती घाईनं घासली नाहीत, म्हणून आज ती वाचता येतात.

तुमच्या आजोबांच्या हाती ती कशी आली असेल? मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या संगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण जपान्यांशी झुंजली, त्या आणि पुढच्या लढायांतून काही आल्या. पण बऱ्याचशा 1945 च्या शरणागतीतल्या असाव्यात. तलवारी देण्याचा तो जुनाट सोहळा सक्तीनं करू नये, अशी अमेरिकी सेनापती मॅकआर्थरची भूमिका होती. ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचं नेतृत्व केलेल्या जनरल स्लिमनं ती मानली नाही. प्रत्येक जपानी अधिकाऱ्यानं आपल्या सैनिकांसमोर तलवार खाली ठेवली पाहिजे, असं त्यानं ठरवलं आणि आग्नेय आशियात तसंच झालं. तिथल्या जपानी फौजांचा सरसेनापती फील्ड मार्शल तेराउची याला आपल्या तलवारी दोस्तांचा सरसेनापती माउंटबॅटन याच्या हाती द्याव्या लागल्या. स्लिमच्या सैन्यात भारतीय सैनिक बहुसंख्य होते. तेव्हा तुमच्या घरातली तलवार ही त्यांनी जिंकलेल्या युद्धाची खूण आहे.

ती दुसऱ्या गोष्टीचीही खूण आहे, आणि ते मी टाळणार नाही. जपानी सैन्यानं कैदी मारले, त्यात भारतीयही होते, आणि तलवारीनंही मारले. एखाद्या ठरावीक पात्यानं काय केलं हे पात्याकडे पाहून कळत नाही. संग्राहकांमध्ये काही जण लष्करी तलवार घरातच आणत नाहीत, त्यांचा मला आदर आहे. माझं मत मात्र असं की या तलवारी नीट जपाव्यात, त्यांच्यासोबतची माहिती लिहून ठेवावी, आणि सौंदर्याच्या नावाखाली तो इतिहास झाकू नये.

आता काय करायचं ते. तलवार म्यानातून काढताना धार वर ठेवा, लहान मुलं जवळ नकोत. मऊ कोरड्या सुती कापडानं धूळ पुसा, पाठीकडून, धारेवर बोट न नेता. शिलाई मशीनचं पातळ तेल पात्यावर अगदी हलकं लावा आणि जास्तीचं टिपून घ्या. नाकागोला तेल नको. मूठ उतरवायची असेल तर आधी बांबूचा खिळा शोधा. तो लहान तोंडाकडून मोठ्या तोंडाकडे हलकेच ढकलला की निघतो. निघाला नाही तर जोर करू नका. हातोडा तर नकोच. नाकागोच्या दोन्ही बाजूंचे उजेडात, तिरपे फोटो काढा. तलवार शस्त्र कायद्याखाली येते, तेव्हा तुमच्या जिल्ह्यात काय नियम आहेत ते विचारून घ्या.

मुठीला कापडाची किंवा लाकडाची चिठ्ठी बांधलेली असेल तर ती तोडू नका. शरणागतीच्या वेळी काही अधिकाऱ्यांनी आपलं नाव, गाव लिहून ती बांधली होती. अशी चिठ्ठी दिसली की पुढचा प्रश्न येतो: मग त्यांच्या घरच्यांना परत द्यायची का? मला स्वतःला परत देणं आवडतं. पण जपानात तलवारीची नोंदणी प्रांताचं शिक्षण मंडळ करतं. दाखल्यावर लांबी, बाक, नाव, भोकांची संख्या लिहिलेली असते, आणि नोंद फक्त परंपरागत पद्धतीनं बनवलेल्या पात्याचीच होते. युद्धकाळात कारखान्यात बनलेलं पातं इथे आलं तर त्याला नोंद मिळत नाही आणि ते नष्ट केलं जातं. म्हणजे 1935 च्या नमुन्याची तलवार तुम्ही भल्या मनानं नातवंडांकडे पाठवलीत, तर ती त्यांच्या हाती न पडता भंगारात जाईल. म्हणून आधी नाकागो बघू द्या, मग त्या घरच्यांना ती हवी आहे का ते विचारू. काही घरांना नको असते, आणि तेही समजण्यासारखं आहे. चिठ्ठीचा फोटो मात्र आजच पाठवा. शाई फिकी होत जाते. नाव-गाव मी वाचून कळवते.