कोजागिरीच्या संध्याकाळी माथ्यावर

लातूरला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या मुलांना प्रकल्पासाठी मी गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा प्रखर झोत, हा विषय आवर्जून देतो. 'फर्मी' उपग्रह २००८ पासून ते टिपतोय आणि नासा त्याची सगळी मोजमापं कुणालाही फुकट देते. इथे बसूनही खरं संशोधन करता येतं, हे मुलांना पटावं म्हणून माझी धडपड.

त्या दिवशी आम्ही ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट उघडला. आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी. आलेखात आधी एक छोटा उंचवटा, मग तीनेक मिनिटं फारसं काही नाही, आणि नंतर रेघ अशी उसळली की मुलं खुर्च्या सोडून स्क्रीनभोवती गोळा झाली. पण शिखरावरचे आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. किरण इतके दाटीने आदळत होते की एक मोजून होईस्तोवर दुसरा हजर. जिथे सर्वांत जास्त काही घडलं तिथेच मोजमाप थिटं पडलं. या विषयातलं मला सगळ्यात भिडतं ते हेच.

दोन सेकंदांहून लांब स्फोट बहुधा अवाढव्य ताऱ्याच्या अंताचा असतो. हा तर कित्येक मिनिटं चालला. त्याचे किरण इथवर यायला सुमारे १९० कोटी वर्षं लागली.

नोंदीत जागतिक वेळ होती १३:१६:५९. एका विद्यार्थिनीने साडेपाच तास मिळवले, संध्याकाळचे पावणेसात. मोबाइलमध्ये कॅलेंडर पाहून ती म्हणाली, "सर, त्या दिवशी कोजागिरी होती की!"

मग कुणालाच घरी जायचं नव्हतं. स्फोट शर तारकासमूहात, श्रवण ताऱ्याच्या वरच्या अंगाला. त्या क्षणी तो भाग कुठे होता, हे आम्ही फळ्यावर नाक्षत्र वेळेवरून, म्हणजे ताऱ्यांच्या सापेक्ष मोजलेल्या वेळेवरून काढलं. बरोबर माथ्यावर होता तो दीवच्या दक्षिणेला अरबी समुद्रावर, आणि लातूरच्या माथ्यापासून जेमतेम सहा अंश पश्चिमेला. दुधाची पातेली चुलीवर चढायची होती, चंद्र नुकता उगवलेला, आणि हा झोत जवळपास सरळ मराठवाड्यावर उतरत होता.

"मग आपल्याला काही झालं कसं नाही?" प्रश्न रास्त होता. गॅमा किरण हवेतच शोषले जातात. म्हणून तर उपग्रह लागतो. पण वर आयनांबरात, म्हणजे दूरच्या रेडिओ लहरी ज्यावरून परावर्तित होतात त्या विद्युतभारित थरात, खळबळ झाली होती. जर्मनीतल्या हौशी निरीक्षकांच्या अतिदीर्घ लहरींच्या रेडिओ रिसीव्हरवर ती उमटली.

हे ऐकून त्या कोजागिरीवाल्या विद्यार्थिनीने तिथल्या तिथे प्रकल्प बदलला. असा रिसीव्हर बनवायला मोठी चौकट, तांब्याच्या तारेचे वेढे आणि संगणकाचं साउंड कार्ड पुरतं. चौकटीसाठी लाकूड तिच्या वडिलांनी पाठवलंय. अँटेना कॉलेजच्या गच्चीवर लावणार आहोत, विजेच्या तारांपासून होईल तेवढी लांब.