बुलेटिनच्या खालच्या ओळीपण वाचा

चक्रीवादळाला नाव पडलं की टीव्हीवर दिवसरात्र तेच चालू असतं, नकाशावर फिरणारं चक्र, किती किलोमीटर लांब आहे, मुंबईला धडकणार का. ते दाखवायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण मी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, हवामानाचं बुलेटिन वाचून कॅप्टनसमोर ठेवणं हे माझं रोजचं काम, आणि माझा चुलतभाऊ वर्सोव्याहून स्वतःची बोट घेऊन मासेमारीला जातो, त्यामुळे मला अगदी मनापासून वाटतं की ज्या दिवशी कुठलंच वादळ नसतं त्या दिवशीचं बुलेटिन आपण जास्त नीट वाचायला हवं.

हवामान खात्याचं ते नेहमीचं वाक्य घ्या. ताशी 45 ते 55 किमी वेगाने वारे, मधूनच येणारे झोत 65 पर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. पावसाळ्यात हे इतक्या वेळा येतं की ऐकून न ऐकल्यासारखं होतं. आता हेच नॉट्समध्ये करा, 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी, म्हणजे झाले 24 ते 30 नॉट्स आणि झोत 35. सलग वारा 34 नॉट्सला पोचला की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं आणि नाव देतं. म्हणजे नाव नाही, बातमी नाही, पण झोत त्याच पातळीचा. पन्नास फुटी बोटीला तो झोत आडवा लागला तर वादळाला नाव होतं की नव्हतं याने काय फरक पडतो.

आता लाटेची उंची. बुलेटिनमध्ये 2.5 मीटर लिहिलंय म्हणजे प्रत्येक लाट तेवढीच असं नसतं, आणि सगळ्यात मोठी लाट तेवढी असंही नसतं. सगळ्या लाटांमधला सगळ्यात उंच एक तृतीयांश भाग घेतात आणि त्याची सरासरी छापतात, त्यामुळे तासन्‌तास तिथे थांबलात तर मधूनच एखादी लाट जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाच मीटरच्या आसपास येऊ शकते, आणि ती काही सांगून येत नाही. माझ्या जहाजाला पाच मीटरची एक लाट म्हणजे डेकवर पाणी आणि आचाऱ्याची चिडचिड. दादाच्या बोटीत त्या वेळी खलाशी वाकून जाळं ओढत असतात. बुलेटिनमधला 'रफ', म्हणजे खवळलेला समुद्र, दोघांनाही सारखाच छापलेला असतो, 2.5 ते 4 मीटर, पण वाचणाऱ्याने तो आपल्या बोटीच्या मापाने वाचायचा असतो, हे मी दादाला सांगतो तसं आमच्या कॅडेट पोरांनाही सांगतो.

आणि उंचीच्या बाजूला जे सेकंद लिहिलेले असतात ते बहुतेक जण बघतच नाहीत. दोन लाटांमधलं अंतर ते, वेळेत मोजलेलं. जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट पाच-सहा सेकंदांची असते, आखूड आणि उभी, दोन मीटरचीच असली तरी लहान बोटीला नीट श्वास घेऊ देत नाही. चौदा-सोळा सेकंदांची लाट म्हणजे स्वेल, ती पार खाली दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत तयार होते आणि हजारो किलोमीटर चालत काही दिवसांनी आपल्याकडे पोचते. खोल पाण्यात तिचा काही त्रास नाही, बोट हळूच वर जाते हळूच खाली येते. पण ती उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो, लांबी आखडते, उंची वाढते, आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असताना समोरून ही आली तर तिथल्या तिथे उभी राहून फुटते. आपल्याकडे वारा शून्य, ऊन पडलेलं, आणि तरी बोट उलटायची वेळ येते. दादा म्हणतो, "वारा नाय रे, पण पाणी आतून उठतंय." मे 2024 मध्ये हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेने, असाच इशारा दिला होता, मुंबई महापालिकेनेही लोकांना किनाऱ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं, आणि तेव्हा अरबी समुद्रात वादळाचा पत्ता नव्हता. इन्कॉइस लाटेची उंची, सेकंद, दिशा सगळं देते, मराठीतही देते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीची ओढ सगळ्यात जास्त असते, तेव्हा तर सेकंदांचा आकडा बघितल्याशिवाय खाडीबाहेर पडूच नये, हे माझं ठाम मत.

वादळ आलंच तर एक गोष्ट आपल्या किनाऱ्याला कायम लक्षात ठेवावी लागते. उत्तर गोलार्धात वारं केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या बाजूला वाऱ्याच्या वेगात वादळाचा स्वतःचा वेगही मिळतो. जहाजावर त्या बाजूला धोक्याचं अर्धवर्तुळ म्हणतात. अरबी समुद्रातलं वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे निघालं की कोकण, मुंबई, समुद्रातलं मुंबई हाय तेलक्षेत्र हे सगळं त्याच्या उजव्या हाताला येतं. मे 2021 चं तौक्ते तसंच गेलं, गुजरातला जाऊन धडकलं, मुंबईत शिरलंच नाही, आणि तरी 17 मे ला मुंबई हायच्या भागात पी-305 ही तेलक्षेत्रातल्या कामगारांची बार्ज (सपाट तळाची मोठी बोट) बुडाली, सत्तरहून जास्त माणसं गेली. इशारे आधीपासून निघत होते. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. उलट 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि ईशान्येकडे वळलं, मुंबई डाव्या बाजूला पडली आणि खरा मार रायगडने खाल्ला. म्हणून वादळ मुंबईला धडकणार का, यापेक्षा ते आपल्या कुठल्या बाजूने जाणार हा प्रश्न समुद्रातल्या माणसाला जास्त कामाचा आहे. आणि नकाशावरची रेघ म्हणजे काही ट्रेनचा रूळ नाही, जहाजावर शिकवतात की 24 तासांच्या अंदाजात 100 सागरी मैल इकडेतिकडे धरा, 48 तासांना 200, 72 ला 300, आणि 34 नॉट्सच्या वाऱ्याचा घेर त्याच्या बाहेर मोजा. आजकाल अंदाज यापेक्षा चांगले येतात, तरी तेवढी जागा सोडलेली बरी.

बंदरावर लावतात त्या इशाऱ्याच्या बावट्याचंही तसंच, 1 आणि 2 नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे, बाहेर पडणाऱ्या जहाजांनी सावध राहा, आणि 3 पासून खुद्द बंदराची काळजी सुरू होते. 1 नंबर लागला म्हणून काही नाही असं म्हणणारे लोक बघितलेत मी, पण बाहेर पडणाऱ्या बोटीसाठीच तर तो असतो.

वेळ बघायची विसरू नका. समुद्राच्या बुलेटिनवर वेळ बऱ्याचदा यूटीसी, म्हणजे जगभराची प्रमाणवेळ असते, तशी असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा, 0300 म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. व्हॉट्सअपवर फिरून आलेला फोटो बऱ्याचदा कालचा असतो, नाहीतर परवाचा, आणि त्यावर कोणीतरी "आज सगळं ठीक" लिहून पुढे ढकललेलं असतं.

बोट मोबाईलच्या रेंजबाहेर गेली की मग हे सगळं तिच्यापर्यंत पोचवायचं कसं हा खरा अवघड भाग. 2017 ला ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या बोटी आधीच खोल समुद्रात होत्या, इशारा त्यांच्यापर्यंत गेलाच नाही, त्यातल्या कित्येक झुंजत झुंजत आपल्या देवगडला येऊन लागल्या. म्हणून व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ सेट चालू हवा आणि संकटाच्या हाकेसाठी ठेवलेल्या चॅनल 16 वर कान हवा, बॅटरी वाचवायला बंद करून ठेवायचा नाही. उपग्रहावरून मेसेज येणारं यंत्र मिळत असेल तर घ्या, एका ट्रिपच्या डिझेलपुढे त्याचा विचार करा. 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठते तेव्हा सगळ्यांनाच पहिल्या दिवशी बाहेर पडायची घाई असते, दोन महिने कमाई बंद असते ते मला कळतं, पण तेव्हा समुद्र अजून पावसाळ्यातलाच असतो. निघायच्या आधी उंची, सेकंद, दिशा आणि बुलेटिनची वेळ कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा आणि तोच कागद घरीही देऊन जा. कोस्ट गार्डचा नंबर 1554, तो घरच्यांच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा.