संकल्पना-सुपरकार, नोंद ७: १६ अंशांचा डिफ्युझर

मागच्या नोंदीत १:१० मॉडेलचा डिफ्युझर, म्हणजे तळाचा मागे वर चढत जाणारा भाग, १६ अंशांवर नेणार म्हटलं होतं. नेला, आणि हवेची दिशा दाखवायला तळाला चिकटवलेले धागे उलटे फिरले.

मांडणी तीच आहे: ब्लोअर, वारा सरळ करायला स्ट्रॉंची मोळी, टेबलापासून वर उचललेली पारदर्शक ॲक्रिलिकची फळी, तिच्यावर मॉडेल आणि खाली मोबाइल. फळी उचलली ती अशासाठी, की इथली जमीन गाडीखालून सरकत नाही. स्थिर जमिनीलगत मंद हवेचा थर वाढत जातो आणि तळाखालची अरुंद वाट अडवतो. फळीची पुढची कड धारदार ठेवली की थर तिथून नव्याने सुरू होतो आणि मॉडेलपर्यंत पातळ राहतो.

७ अंशांवर लोकरीचे सगळे धागे मागे सरळ पडले होते. १२ वर कोपऱ्यातले थरथरू लागले. १६ वर मधला धागा आधी ताठ उभा राहिला, मग टोक पुढच्या चाकांकडे करून तसाच लोळत राहिला. वाट रुंदावते तशी हवा मंदावते आणि दाब चढतो. पृष्ठभागालगतच्या थकलेल्या थराला त्या दाबाविरुद्ध पुढे जाता येत नाही आणि प्रवाह सुटतो.

लहान आकार इथे फार छळतो. वारा ताशी ४० किमी असला तरी रेनॉल्ड्स अंकाच्या (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून प्रवाह कसा वागेल ते सांगणाऱ्या अंकाच्या) हिशेबात पूर्ण आकाराची गाडी ताशी ४ किमीने चालल्यासारखं होतं, म्हणजे माणसाच्या चालीने! म्हणून तळाच्या पुढच्या कडेला सँडपेपरची पट्टी चिकटवली. थर मुद्दाम खवळवला की तो जास्त वेळ चिकटून राहतो. तेवढ्याने १४ अंश मिळाले.

उरलेल्या दोन अंशांसाठी पंखा. १९७८ च्या ब्राभम बीटी४६बी या फॉर्म्युला वन गाडीने पंख्याने अख्ख्या तळाखालची हवा ओढली आणि निकी लाउडाने अँडरस्टॉर्पची स्वीडिश ग्रां प्री जिंकली. ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरलीच नाही. तिचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी टी.५० या सुपरकारमध्ये ४०० मिमीचा पंखा वापरला, तो मला जास्त देखणा विचार वाटतो: सगळी हवा उपसत बसायचं नाही, तीव्र चढाच्या डिफ्युझरवरचा थकलेला थर तेवढा फटींतून ओढून घ्यायचा.

माझी पहिली फट चढाच्या मध्यावर होती. काहीच फरक पडला नाही, कारण प्रवाह तिथे पोचण्याआधीच सुटलेला होता. पंखा भोवऱ्यातलीच हवा ओढत होता. ती टेपने बुजवली आणि १५ मिमी पुढे, चढ सुरू होतो त्या वळणाच्या लगेच मागे, ३ मिमीची नवी फट कापली. ४० मिमीचा पंखा सुरू केला आणि मधला धागा हळूच मागे वळून पृष्ठभागावर आडवा झाला. बंद केला की उठतो, सुरू केला की निजतो. रात्री वीसेक वेळा तरी करून पाहिलं असेल.

कडेचे धागे अजून पीळ घालतात. तिथे बाजूंनी हवा आत शिरते आहे, त्यामुळे डिफ्युझरच्या कडेच्या उभ्या पट्ट्या आणखी ४ मिमी खाली आणणार आहे.

धाग्यांवरून प्रवाह चिकटल्याचं कळतं, डाउनफोर्स (हवेमुळे गाडी जमिनीकडे दाबणारं बल) किती वाढला ते नाही. मॉडेल वरून दांड्याने धरून वजनकाट्याला जोडायचा विचार आहे. पंख्याचं कंपन काट्यापर्यंत जाऊ नये म्हणून कोणी काय केलंय, ते नक्की सांगा.