नाडीखालची खपली

मारबतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. आदल्या दिवशी अख्खं नागपूर 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलेलं आणि सकाळी साडेनऊला आशाताईंचा फोन, मॅडम वस्तीत चार पोट्ट्यांना ताप आहे, अंगावर पुरळ पण आहे, लवकर या. प्लेटमधले तर्री पोहे अर्धेच सोडून निघाले.

हिंगण्याच्या बाजूची वस्ती, मागे रिकामे प्लॉट, पावसाळ्याचं कंबरभर गवत. ते गवत मी पाहिलं आणि विसरले, त्याबद्दल पुढे सांगते.

ताप आणि पुरळ म्हटलं की आमच्या डोक्यात पहिले गोवर-रुबेला येतं, फॉर्म भरा, रक्त घ्या, शेजारची घरं बघा. पहिल्या घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा, आत दोघं भाऊ, एक तीन वर्षांचा, एक दीडचा, नाक गळतंय, डोळे लाल, खोकला. आजी म्हणे माता आली, औषध नाही द्यायचं. म्हटलं आजी, डहाळा राहू द्या, पण पाणी पाजा आणि आम्ही देतो ते पण द्या. अनुभवाने एक कळलंय, 'पुरळ कधी आलं' विचारलं की घरात भांडण लागतं, कोणी म्हणते मंगळवार, कोणी म्हणते पोळ्याच्या आधी, पण 'पहिले कुठं दिसलं' विचारलं की आई बरोबर हात नेते. हिनेही कानामागे नेला, मग कपाळ, मग पोट. गोवर असाच वरून खाली उतरतो. आणि सावळ्या अंगावर तो पुस्तकातल्या फोटोसारखा लालभडक दिसत नाही हो, ते फोटो सगळे गोऱ्या पोरांचे. मी दोघांना अंगणात उन्हात आणलं, पाठीवरून बोटं फिरवली, तेव्हा खरबरीत लागलं.

कार्ड मागितलं. गोवर-रुबेलाचा डोस 9 महिन्यांवर एक आणि 16 ते 24 महिन्यांत दुसरा, तर मोठ्याचा एकच झालेला, लहानाचा एकही नाही. कारण काय तर कामासाठी छिंदवाड्याकडे गेल्ते. दोघांना व्हिटॅमिन ए पाजलं, 2 लाख युनिट आज आणि तेवढंच उद्या. तिसरी पोरगी दोन घरं सोडून, तिचंही तसंच वाटलं, तिघांचं रक्त घेतलं. चौथ्याच्या तळहाता-तळपायांवर पाण्याचे फोड आणि तोंडात छाले, म्हणजे हॅन्ड फूट माउथ, तो गोवरच्या यादीतून बाहेर.

दीड वाजला, भूक लागली, आइस बॉक्स बंद केला. निघताना त्या तिसऱ्या पोरीच्या घरात कोपऱ्यात गोधडी हलली. मी विचारलं, हे कोण? "हिची माय हाय जी, ताप हाय नऊ दिवसांपासून, टायफाइड निघाला." एका खाजगी दवाखान्यात विडाल, म्हणजे टायफाइडची रक्ततपासणी, करून सलाइन, इंजेक्शनं, सगळं झालेलं, ताप तिथंच. मी तासभर त्याच घरात बसले होते आणि बाईबद्दल एक शब्द विचारला नव्हता, कारण डोक्यात फक्त पोरं होती. याची आजही लाज वाटते.

डोकं भयंकर दुखतंय म्हणाली, पोटावर अगदी पुसट ठिपके. आणि 2018 आठवलं, तेव्हा नागपुरात स्क्रब टायफस, म्हणजे गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप, आला होता, मी इंटर्न होते, वॉर्डातल्या एक सिनियर सिस्टर म्हणायच्या, ताप उतरत नसेल तर आधी पेशंट पूर्ण बघा, मग रिपोर्ट बघा. आशाताईने चादर आडवी धरली. काखेत काही नाही, छातीखाली नाही, जांघेत नाही. मग परकराची नाडी सैल केली, तर नाडीच्या खाली, जिथे कापड घासून कातडी आधीच काळी पडलेली, तिथे तुरीच्या डाळीपेक्षा जरा मोठी काळी कोरडी खपली, भोवती लालसर कडा. दाबलं तरी दुखेना.

"नाडीनं घासलं असन जी," तिची सासू.

घासलेलं दुखतं, खाजतं. ही मात्र स्क्रब टायफसची खूण, चिगर माइट नावाच्या बारीक किड्याच्या अळीचं चावणं, ती चावते तेव्हा कळतही नाही. विचारलं, गवतात गेली होती का? पोळ्याच्या तीन आठवडे आधीपासून मागच्या प्लॉटवर बकऱ्यांसाठी रोज चारा कापत होती म्हणे. बस. 108 बोलावली, मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पाठवलं, चिठ्ठीवर खपलीची जागा गोल करून लिहिली, नाहीतर तिथंही कोणी नाडी सोडून बघणार नाही. त्याच रात्री डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) सुरू झाली, दोन दिवसांत ताप उतरला, नंतर स्क्रब टायफसची रक्ततपासणी, एलायझा, पॉझिटिव्ह आली. पोरांपैकी दोघा भावांना गोवर निघाला, तिच्या पोरीचा रिपोर्ट निगेटिव्ह.

चार दिवसांनी वस्तीत गेले तर तिचा नवरा त्याच गवतात, हाफ पँटवर, हातात विळा. म्हटलं भाऊ, निदान फुल पँट तरी घाला, घरी गेल्यावर आंघोळ करा, कपडे धुवा.

"गर्मी होते जी मॅडम," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला.