तांबं वाकलं, पोलाद तुटलं

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी चार्पी चाचणीचे (लंबकाच्या एका घावाने धातूचा चिवटपणा मोजायची चाचणी) नमुने हवे होते: १० × १० × ५५ मिमीच्या पट्ट्या, मधोमध २ मिमी खोल व्ही-खाच. खाचेच्या तळाची गोलाई ०.२५ मिमीच हवी, नाहीतर पुढचे सगळे आकडे फुकट. साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या काकांनी ती जीव ओतून काढून दिली. "थंडीत लोखंड कडक होतं, म्हणूनच तुटतं ना रे?" त्यांनी विचारलं. अर्धं उत्तर त्यातच आहे.

भेगेच्या टोकाशी ताण प्रचंड असतो. तिथे एकतर अणूंमधले बंध तुटून भेग पुढे जाते, नाहीतर स्फटिकाचे थर घसरतात. थर घसरतात ते डिसलोकेशन नावाची रेषेसारखी त्रुटी सरकते म्हणून. ते सरकलं की टोक बोथट होतं, शिवाय त्याचं स्वतःचं ताणक्षेत्र टोकावरचा भार हलका करतं. बंध आधी तुटतात की टोकातून डिसलोकेशन आधी सुटतं, याचा हिशोब राइस आणि थॉमसन या संशोधकांनी १९७४ मध्ये मांडला. तांब्यात ते सहज सुटतं. लोखंड दोन्हींच्या काठावरचं, त्यातल्या स्क्रू डिसलोकेशनना (डिसलोकेशनचाच एक प्रकार) सरकायला उष्णतेची मदत लागते. काकांचा 'कडकपणा' तो हाच: गारठ्यात त्यांना हलवायला जास्त जोर लागतो, आणि तेवढा जोर येईपर्यंत भेग निघून गेलेली असते.

उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधून नमुना काढला की पाच सेकंदांत लंबकाचा घाव बसायला हवा. तांबं तिथेही वाकलंच. सौम्य पोलादाचे मात्र खटकन दोन तुकडे, आणि तुटलेला पृष्ठभाग सपाट, साखरेच्या दाण्यांसारखा चमकणारा. तो पाहताना मी अक्षरशः हरखलो.

खरी धावपळ त्यानंतर. मुंबईच्या जुलैत गार तुकड्यावर क्षणात दव साचतं, आणि पोलाद गंजलं की मायक्रोस्कोपखाली गंजच दिसतो. म्हणून तुकडा लगेच अल्कोहोलमध्ये, मग गरम हवेने कोरडा, मग सिलिका जेलच्या डब्यात.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाण्यादाण्यांवर बारीक रेषा दिसतात. त्या एकमेकींना मिळत जातात त्या दिशेने भेग धावलेली असते, म्हणून उलट माग काढत गेलो. एका नमुन्यात तो खाचेच्या जरा पुढे, तडकलेल्या कार्बाइडच्या (लोखंड-कार्बनचं कठीण संयुग) कणापाशी थांबला. भेगेला आवरणारी डिसलोकेशनं अशा अडथळ्याशी साचली तर तीच नवी भेग सुरू करतात. स्ट्रोह या संशोधकाने १९५४ मध्ये हेच गणिताने दाखवलं होतं. आता कोरडा बर्फ आणि अल्कोहोल वापरून मधल्या तापमानांच्या चाचण्या लावल्या आहेत, कारण पोलाद तन्याचं (न तुटता वाकणाऱ्याचं) ठिसूळ होतं ते त्याच टप्प्यात.